कान का शेपूट

नानांच्या उजव्या हाताला अंगठा आणि करंगळी एवढीच उरली होती आणि डाव्याची तीन बोटं मधल्या पेरापासून गेली होती. बर्फानं खाल्ली, असं ते सांगत, तेही शेजारच्या शेळीनं मेथी खाल्ली हे सांगावं तितक्या सहज. नाना म्हणजे माझ्या वडलांचे थोरले भाऊ. फौजेत जवानांना डोंगर चढायला शिकवणारे हवालदार होते. पेन्शनीत निघाले ते एक काळी ट्रंक, एक पितळी स्टोव्ह आणि हे असले हात घेऊन कोयनेकडच्या आमच्या गावाला परत आले. काकू कधीच वारली होती, पोरबाळ नव्हतं. मग त्यांची बटणं कुणी लावायची, पटका कुणी बांधायचा, बुटाच्या नाड्या कुणी आवळायच्या, हा प्रश्न निघाला, आणि घरातले असले प्रश्न जिच्या अंगावर येऊन पडतात तिच्याच, म्हणजे एकुलत्या मुलीच्या, अंगावर येऊन पडला. बूट घालून शेताला जाणारा गावात हा एकच माणूस, त्यामुळं लोक हसायचे. नाना म्हणायचे, "हसू द्या. पायाची तरी दहाच्या दहा हायती."

तर माझ्या हातांना दहा बोटं होती आणि त्यांतली निम्मी नानांची होती, असं म्हटलं तरी चालेल. आमच्याकडचा पाऊस म्हणजे महाबळेश्वरच्या पावसाचा सख्खा भाऊ, एकदा बसला की उठायचं नाव घेत नसे. बाहेर पागोळ्या गळत, आत ओल्या लाकडांचा धूर माळ्याला चिकटे, आई हुलग्याचं माडगं ढवळत असे आणि नाना सोप्यात मांडी घालून माझ्यापुढं कासरा टाकत. कासरा म्हणजे बैल हाकायचा दोर, घायपाताच्या वाखाचा, बोटाएवढा जाड. हात गेले तरी डोक्यातल्या गाठी गेल्या नव्हत्या. ते सांगत आणि मी बांधत असे. वाखाची कुसळं हाताला टोचत. चुकलं की ते ओरडत नसत, नुसतं "सोड" म्हणत. ते "सोड" ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

गाठी सगळ्यांना येतात, शेतकऱ्याच्या घरात तर पाळण्यातल्या पोरालाही येतात. पण आमच्या घरातली गाठ म्हणजे गोठ्यातली गाठ, सुरगाठ. जनावर बांधताना दोराचं टोक पार ओढून घेत नाहीत, ते दुमडून त्याचा एक कान बाहेर ठेवतात. गोठ्याला आग लागली, साप निघाला, ओढ्याला पाणी चढलं, की टोकाला एक हिसका द्यायचा आणि जनावर मोकळं. निरगाठीला कान नसतो, नुसतं शेपूट बाहेर राहतं. ती हिसक्यानं सुटत नाही, नखं लावून सोडवावी लागते. "जनावराला कान, मानसाला शेपूट," असं नानांचं म्हणणं. माझी गाठ बांधून झाली की ते डोळे मिटत आणि विचारत, "कान का शेपूट?" मी न बघता उत्तर दिलं तर काठी जमिनीवर आपटत. "बगून सांग. हातावर इस्वास ठिवू नगंस. हात सवयीचं गुलाम."

त्यांची सगळ्यात लाडकी चीज म्हणजे खुर्ची. एकाच दोरानं माणसाच्या कमरेला आणि मांड्यांना असं बांधायचं की तो हवेत बसला पाहिजे. दोराचा मध्य कमरेवर धरायचा, पुढं आणून पीळ घालायचा, दोन्ही टोकं पायांमधून मागं न्यायची, बुडाखालून वर काढून कमरेच्या दोरात अडकवायची आणि खच्चून ओढून बाजूला निरगाठ मारायची. मी घरच्या खांबाला, पोत्याला, एकदा तर बोकडालासुद्धा खुर्ची बांधली होती. माझी आई थोरल्या दिराशी म्हणून कधी बोलायची नाही. तिला काही सांगायचं असलं की ती मला किंवा भिंतीला सांगायची. एकदा चुलीपुढून तिचा आवाज आला, "शाले, नानास्नी सांग, ह्यो तर आपला कासोटाच की." नाना पोट धरून हसले. मग तेही मलाच म्हणाले, "आईला सांग, फौजेनं आमास्नी परदेशी सायेब आणून शिकवलं, ते ही नऊवारीत बगून बसली." परवा नातवानं त्याची डोंगर चढायची खुर्ची मला दाखवली. रंगीत पट्टे, लखलखीत बकलं. मी सगळीकडून हात फिरवून बघितला, गाठ कुठंच नव्हती. मला ते काही खरं वाटलं नाही.

दादाला, म्हणजे माझ्याहून दोन वर्षांनी मोठ्या संपतला, नानांनी खुर्ची शिकवली नाही. दादानं फौजेत जायचं ठरवलं होतं आणि साताऱ्याची भरती तोंडावर आली होती. रोज पहाटे उठून तो माळावर पळायला जाई, कच्ची अंडी पिई आणि आत्तापासूनच हवालदारासारखा छाती काढून चाले. तो मागं लागला की नाना म्हणत, "तुला धीर न्हाई. तू आदी भाकरी चावून खायला शीक." बहिणीला शिकवतात आणि आपल्याला नाही, हे त्याला फार लागलं होतं. तो लांब खांबाला टेकून आमचं बघायचा आणि बघितलं म्हणजे आलंच, असं त्याला वाटायचं. माझ्या भावाचा हा स्वभाव शेवटपर्यंत गेला नाही आणि मला तो त्याच्या सगळ्या गुणांपेक्षा जास्त आवडायचा.

दिवाळी होऊन गेली होती. भातं कापून खळ्यावर आली होती आणि डोंगरावरचं गवत कंबरभर वाळून घसरडं झालं होतं. आबा, माझे वडील, सांगलीला गेले होते. तिकडचं एक स्थळ आलं होतं, ऊस आणि हळद पिकवणारी माणसं, आणि आबा त्यांना घेऊनच परवाच्या एसटीनं यायचे होते. सकाळी एक बारका धक्का झाला. कोयनेच्या मोठ्या भूकंपापासून आमच्याकडं असले धक्के म्हणजे घरचे पाहुणेच, फडताळावरची भांडी वाजायची आणि आई जमिनीला म्हणायची, "थांब गं बाई, दमानं." त्या दिवशीही ती तसं म्हणाली आणि परत रवा भाजायला लागली. तिनं मला उन्हात जायची बंदी केली होती आणि रंग उजळावा म्हणून तोंडाला हळद आणि साय फासून ठेवली होती. दुपार कलली तरी मी लाडू वळतच होते. आपल्याला बघायला माणसं येणार याचं मला भय जास्त होतं की हौस, ते आज सांगता येत नाही. तेवढ्यात दादाचा दोस्त किसन दारात येऊन उभा राहिला. त्याच्या पायातून रक्त येत होतं आणि त्याला नीट बोलता येत नव्हतं.

"नाना, संपत कड्यावनं पडला."

आईच्या हातातलं उलथनं कढईत तसंच राहिलं. नाना सोप्यातून उठले आणि त्यांनी एवढंच विचारलं, "बोलतुय का?" बोलतोय, किसन म्हणाला. आमच्या शेळीचं करडू कड्याच्या पोटातल्या टप्प्यावर अडकून ओरडत होतं. दादा म्हणाला, भरतीच्या आधी एवढं एक करून नानांना दाखवतो. कड्यावरच्या हिरड्याच्या झाडाला दोर बांधून तो हातानं धरत खाली उतरला, अर्ध्यात असताना वरनं दोरच आला आणि तो टप्प्यावर आदळला. पाय वाकडा झालाय, एक हात उचलत नाही, आणि टप्पा खालच्या अंगाला उतरता आहे. त्याला भोवळ येऊन तो कलंडला तर खाली थेट ओढ्यातले धोंडे.

गोठ्यात जुन्या मोटेचा नाडा, म्हणजे मोट ओढायचा जाड लांब दोर, टांगलेला होता. विहिरीवर इंजिन बसल्यापासून त्याला कुणी हात लावला नव्हता. किसननं तो ओढून काढला, तसे नाना नाड्याजवळ बसले आणि त्याचा वास घेऊ लागले. मला वाटलं यांना वेड लागलं. माझ्याकडून त्यांनी हातहातभर अंतरावर पीळ उलगडून आत बघायला लावलं. आत पांढरं असलं तर दोर जिवंत, भुकटी निघाली तर मेलेला. एका टोकाकडं भुकटी निघाली. तेवढा भाग त्यांनी कुऱ्हाडीनं तोडायला लावला. किसन रडकुंडीला आला, "आवं नाना, तिकडं त्यो मरतुय." नाना म्हणाले, "ह्यो तुटला तर दोगं मरतील." दोगं कोण, हे तेव्हा कुणी विचारलं नाही. आईनं गोधडीसाठी काढून ठेवलेलं जुनं लुगडं काखेला मारलं, नानांनी मला कासरा घ्यायला सांगितला आणि आम्ही निघालो.

खळ्यावरचे गडी हाक ऐकून आमच्या मागं आले. कड्याच्या डोक्यावर पोचलो तर ते करडू तिथंच हिरड्याखाली आरामात चरत होतं. आपलं आपण वर आलं होतं. किसननं त्याला एक लाथ घातली. नाना झाडाजवळ गेले. बुंध्याची साल जराशी घासली होती, बाकी काहीच नव्हतं. तुटक्या दोराचा तुकडाही नव्हता. त्यांनी सालीवरून अंगठा फिरवला. "दोर तुटला न्हाई," ते म्हणाले, "सुटला." मग मला कळलं. दादानं झाडाला बैलासारखी सुरगाठ मारली होती. लोंबणारं टोक त्याच्या बाजूनंच खाली गेलं होतं, आणि पाय सरकला तेव्हा त्यानं हाताला आलं ते धरलं. जन्मभर गोठ्यात वागलेली बोटं, त्यांनी दुसरं काय केलं असतं.

कडा मधे फुगीर होता. वरून टप्पा दिसत नव्हता, पालथं पडून मान काढली तरी नुसत्या करवंदीच्या जाळ्या दिसायच्या. पण आवाज पोचत होता. नानांनी हाक मारली. खालून दादा म्हणाला, "नाना, मला झोप येतीया." पोरगा झोपला की संपलं, हे तिथं सगळ्यांनाच कळलं. "बोलत ऱ्हा," नाना ओरडले. "भरतीत काय इचारत्यात ते सांग." खालून दादा उंची-छाती असलं काहीतरी पुटपुटू लागला. सूर्य पलीकडच्या डोंगरापासून चार हातांवर आला होता.

एक गडी म्हणाला, "फासा टाकू. काखंत अडकवंल, आमी वढतो." नाना म्हणाले, "हात मोडलाय त्याचा. छातीला दोर बसला तर वर येतोवर श्वास कोंडून जाईल. म्या बगितलंय तसलं." मग त्याला खुर्ची बांधली पाहिजे, आणि ती बांधायला कुणीतरी खाली गेलं पाहिजे. किसन म्हणाला मी जातो. "तुला खुर्ची येती?" किसननं मान खाली घातली. नाना नाड्याचं वेटोळं बघत उभे राहिले. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. सगळ्या गड्यांकडं बघितलं, झाडाकडं बघितलं, फक्त माझ्याकडं बघितलं नाही, आणि त्यामुळंच मला समजलं की त्या डोंगरावर ती गाठ येणारे हात कुणाचे आहेत. मी म्हटलं, "मी जाते." माझा आवाज मलाच लांबून आल्यासारखा वाटला.

आई म्हणाली, "परवा सांगलीची मानसं येणार." बस, एवढंच. एका पोराकडं बघायचं की पोरीकडं, हे त्या बाईला दोन श्वासांत ठरवायचं होतं, आणि तिच्या तोंडून निघालं ते हे वाक्य. आज मी आई होऊन, आजी होऊन बसले आहे, तरी त्या वाक्यावर मला हसू येत नाही. मग तिनं पुढं होऊन माझ्या परकराचा घोळ पायांमधून मागं घेतला आणि पाठीमागं खोचून कच्च कासोटा मारला. लुगडं टराटरा फाडून त्याच्या घड्या माझ्या मांड्यांवर बांधल्या, दोर काचू नये म्हणून. मी माझ्या स्वतःच्या हातांनी स्वतःला कासऱ्याची खुर्ची बांधली आणि नाडा तिच्यात ओवून निरगाठ मारली. नाना डोळे मिटून उभे होते. "कान का शेपूट?" मी बघितलं. "शेपूट."

तेव्हा आई वळली. तिच्या डोक्यावरचा पदर खांद्यावर आला होता आणि तो तिनं सावरला नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती नानांच्या तोंडाकडं बघून बोलली. "आवं नाना, गाठ तुमी बगा. सोता. हात लावून बगा." गडी बाजूला झाले. नानांनी माझ्यापुढं गुडघा टेकला, करंगळी आणि अंगठ्यानं गाठ चाचपली, दोन्ही अंगांनी दाबली, शेपूट ओढून बघितलं. "हाय, बाई," ते म्हणाले. मग गड्यांनी नाडा हिरड्याला वेढा घालून धरला, किसन सगळ्यात पुढं, आणि मी कड्याकडं पाठ करून खाली गेले.

उतरतानाचं मला फार थोडं आठवतं. मांड्यांना दोर चावत होता, लुगड्याच्या घड्यांतूनसुद्धा. नाडा कड्याच्या ओठावर घासून करकर वाजायचा, आणि तो आवाज आला की मला त्या टोकातली भुकटी दिसायची. पाय लावला की धोंडा सुटायचा आणि तो खाली कुठं पोचला ते बऱ्याच वेळानं कळायचं. सकाळचा धक्का मला तिथं आठवला. फडताळावरची भांडी वाजतात तसा हा कडा आत्ता वाजला तर, एवढाच विचार डोक्यात राहिला. मी आईसारखं म्हणत होते, "थांब गं बाई, दमानं." करवंदीच्या काट्यांनी गाल फाटला. मग पायाला जमीन लागली, आणि ती पुढच्या अंगाला उतरती होती.

दादा कपारीत खांदा रोवून पडला होता. ओठ पांढरे, पाय गुडघ्याखाली भलतीकडंच वळलेला. त्यानं डोळे उघडले. "शाले, तुजं त्वांड का पिवळं?" मी म्हटलं, "गप पड." माझ्या तोंडावरची हळद घामानं गळून पोलक्यावर ओघळली होती. त्याचा पडलेला दोर टप्प्यावरच करवंदीत अडकला होता. तो मी ओढून घेतला. दादाला हलवलं की तो अशा आवाजात ओरडायचा की वर आईला ऐकू जात असणार हे मला सोसवत नसे. पण हलवल्याशिवाय पायांमधून दोर जाईना. मी त्याला म्हटलं ओरड, पण झोपू नकोस. तो म्हणाला, "गाठ म्याच बांदली हुती गं. गोठ्यातली." मग तो लहान पोरासारखा रडला, आणि मला त्याचा इतका राग आला आणि इतकी माया आली की मी त्या दोन्हींच्या जोरावर त्याची खुर्ची आवळली.

आता नाडा त्याला बांधायचा होता. नाडा एकच. म्हणजे तो माझ्या कमरेतून सोडवायचा. माझ्या वजनानं ती गाठ दगडासारखी झाली होती. नखं मोडली, शेवटी दात लावले. ती सुटली आणि मी त्या उतरत्या टप्प्यावर कशालाच बांधलेली नाही हे माझ्या पायांना माझ्या आधी कळलं. मी खाली बसले, दादाच्या खुर्चीत नाडा ओवला, फेरा घेतला, दुसरा घेतला, ओढलं. ऊन गेलं होतं. वरनं नानांचा आवाज आला, सोप्यात बसल्यासारखा.

"शाले, कान का शेपूट?"

शेपूट, असं माझ्या ओठांवर आलं होतं. रोज संध्याकाळी मी गोठ्यात बैल, गाई, शेळ्या सगळं बांधत असे, आणि नानांची खुर्ची पावसाळ्यातली चार दिवसांची. तरी त्या काठीचा ठोका कानात बसलेला होता म्हणून मी वाकून बघितलं. दादाच्या कमरेपाशी, गाठीच्या बाहेर, छान दुमडलेला कान उभा होता. माझ्या बोटांनी मला न विचारता माझ्या भावाला बैलासारखं बांधलं होतं.

"नाना," मी ओरडले, "कान हाय."

किसनला आणि गड्यांना त्याचा अर्थ कळला नसेल, पण आईला कळला असणार, ती सगळे पावसाळे चुलीपुढं बसून हेच ऐकत आली होती. मग नाना म्हणाले, "मंग सोड. परत बांद. घाई न्हाई."

अंधार पडायला आला होता, पोरगा शुद्ध हरवत चालला होता, आणि ते म्हणाले घाई नाही. मी हिसका दिला, गाठ लोण्यासारखी सुटली. मग एकेक फेरा तोंडानं बोलत, सोप्यात बोलायचे तसा, मी परत बांधली. टोक पार ओढून घेतलं. बोटानं चाचपलं, डोळ्यांनी बघितलं, परत चाचपलं. "शेपूट, नाना." "परत बग." "शेपूट हाय." तेव्हा नाडा ताणला. आई मला पुष्कळ वर्षांनी म्हणाली, घाई न्हाई म्हणताना नानांनी हिरड्याच्या सालीत करंगळीचं नख मोडून घेतलं होतं. ते स्वतः याबद्दल कधी बोलले नाहीत.

दादा उचलला गेला. कड्याचा फुगवटा ओलांडताना नाड्याचं शेपूट करवंदीत गुंतलं. मी खालून बघत होते. वरचे गडी ओढत होते आणि जाळी ते टोक सोडत नव्हती, टोक ताठ झालं, चांगलं हातभर ताठ झालं, आणि कान असता तर त्या क्षणी काय झालं असतं ते मी उभी राहून बघितलं. मग फांदी मोडली आणि दादा वर गेला. मी कपारीत पाठ घुसवून बसले. बराच वेळ वरनं नुसती गडबड ऐकू येत होती आणि मला वाटलं, माझी आठवण कुणाला राहिली नाही. तेवढ्यात आईची हाक आली, "शाले, हाईस न्हवं?" नाडा खाली आला. मी माझी गाठ बांधली. नानांनी विचारलं, आणि मी बघून सांगितलं.

दादाला खाटेवर घालून रातोरात कोयनानगरच्या दवाखान्यात नेलं. जीव वाचला. पाय जुळला पण आखूड जुळला, आणि भरती कायमची गेली. सांगलीची माणसं ठरल्या दिवशी आली. मी पोह्यांचं ताट घेऊन बाहेर आले तर दोन्ही तळव्यांना फडकी, गालावर काट्याची रेघ. मुलाच्या आईनं विचारलं, "पोरीच्या हातास्नी काय झालं?" नाना कोपऱ्यातून म्हणाले, "भावाला वर काडलाय तिनं." त्या बाईनं माझ्याकडं नीट बघून घेतलं आणि म्हणाली, "मग आमचं घर बी वढंल." असं माझं लग्न ठरलं. आई नंतर नानांशी परत कधी तोंडावर बोलली नाही. पण तव्यावरची पहिली भाकरी मात्र त्यांना जायला लागली, आबांच्या आधी.

दादानं कधी कुणाला दोष दिला नाही, नानांनाही नाही आणि नशिबालाही नाही. मात्र त्या दिवसापासून त्यानं आयुष्यात सुरगाठ मारली नाही. पोतं, डबा, म्हैस, करडू, सगळ्याला निरगाठ. वहिनी कपाळाला हात लावायची, म्हैस सोडायला तिला विळा घेऊन जावं लागायचं. "कान ठिवा की जरा," ती ओरडायची. दादा लंगडत गोठ्यातून बाहेर यायचा आणि म्हणायचा, "ऱ्हाऊ दे. बांदलेलं बरं."

गेल्या माघात तो गेला. वर्षभर खाटेला खिळून होता, नाकात नळी, हाताला नळी, पोटाला पिशवी. मी सांगलीहून पोचले तोवर अंगणात माणसं जमली होती आणि जो तो म्हणत होता, सुटला बिचारा. भाचा तिरडी बांधत होता. बापाचाच पोरगा, सुतळीचा एकेक वेढा खच्चून ओढून वर निरगाठी मारत होता. शेवटची गाठ छातीवरची राहिली होती. मी उठून त्याच्याजवळ गेले आणि त्याच्या हातावर हात ठेवला.

"हिला कान ठेव, बाळा."

"आत्या, सुटंल की."

"सुटू दे," मी म्हटलं.